पाण्यात पडलेले ठिपके

गडचिरोलीला मी चार वर्षं नोकरी केली. घर बल्लारपूरला, वडील पेपर मिलमध्ये. चंद्रपूरला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि तिथल्याच एका ओळखीनं हे काम मिळालं. एका राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन आमचं ऑफिस चालायचं. मालकाला आम्ही सर म्हणायचो. ते नागपूरचे. जिल्ह्यातल्या, जमीनदारीच्या काळातल्या जुन्या मालगुजारी तलावांची दुरुस्ती व्हायची होती, त्यासाठी एकेका तलावाचा नकाशा लागत होता आणि ते नकाशे बनवायचा ठेका सरांनी घेतला होता. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. गावात मोबाइल नुकते दिसायला लागले होते, आणि आमच्याकडे तर तळहाताएवढं जीपीएसचं यंत्र होतं. ते घेऊन तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालायचं, वळण आलं की बटण दाबायचं. यंत्र त्या जागेचे आकडे लिहून ठेवायचं. ऑफिसात आल्यावर केबल लावली की पडद्यावर तेवढे ठिपके पडत. ठिपके जोडले की पाळ तयार. हे जोडायचं काम माझं होतं.

चालायचं काम ज्यांचं होतं, त्यांच्याबद्दल हे लिहिते आहे.

ते आरमोरीकडच्या एका गावचे. ढिवराचं घर. तलावात आणि वैनगंगेत मासे धरायचे, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत, भाताच्या खाचरात, धान रोवायला जायचे. वय चाळिशीच्या पुढं. शाळा चौथीपर्यंत. सुरुवातीला सरांनी त्यांना नुसतं वाट दाखवायला ठेवलं होतं. नागपूरहून आणलेली दोन पदवीधर मुलं यंत्र धरायची आणि हे पुढं चालायचे. चिखल, जळवा, ऊन यांना कंटाळून ती मुलं महिनाभरात पळाली. दुसऱ्या दिवशी हे स्वतः यंत्र घेऊन ऑफिसात उभे. म्हणाले, "सर, मी पाहून राह्यलो होतो ना. मले जमते." आणि जमलंच. आकडे त्यांना वाचता यायचे, बटणं पाठ झाली होती. यंत्र दुपट्ट्यात गुंडाळून छातीशी धरून आणायचे, बसमध्येसुद्धा मांडीवर घेऊन बसायचे.

मी त्यांना भाऊ म्हणायची. ते मला बाई म्हणायचे. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला कुणी बाई म्हटलं की फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

यंत्रासोबत त्यांची एक वही असायची. शंभर पानी, शाळेतल्या पोरांची. यंत्रात ठिपके घेऊन झाले की त्या वहीत ते तलावाचं चित्र काढत. पाळ कुठं वाकते, जादा पाणी जायची वाट, जिला ते सलंग म्हणत, ती कोणत्या अंगाला, मोहाचं झाड कुठं, बायका धुणं धुतात तो दगड कुठं. मला त्याचा काही उपयोग नव्हता. मी म्हणायची, "भाऊ, मशीनमध्ये सगळं येते, वही काऊन भरता?" ते हसायचे. "असू द्या बाई. मशीनले झाड दिसत नाई."

दिवाळीच्या आधी ऑफिसचा जुना कॉम्प्युटर गेला. वीज दिवसातून दहा वेळा जायची, येताना जोरात यायची, एका दुपारी आतून धूर निघाला. डबा मेला, मॉनिटर तेवढा वाचला. सरांनी नागपूरहून एक वापरलेला लॅपटॉप आणला. काळा, जाडजूड. त्याच्यासोबत एक चपटी पेटी होती, तिला मागं खूप भोकं. सर म्हणाले, ही याची बैठक, डॉक म्हणतात, हिच्यावर लॅपटॉप ठेवला की सगळ्या केबली एकदम जोडल्या जातात. पण तेव्हा तिची गरज वाटली नाही, म्हणून ती पेटी कपाटावर ठेवून दिली आणि मी लॅपटॉपच्या छोट्याशा पडद्यावर काम सुरू केलं.

नकाशाचं सॉफ्टवेअर त्यात नव्यानं टाकावं लागलं. ते मीच टाकलं. मला त्याचा अभिमान होता, कारण आधीच्या कॉम्प्युटरवर माझ्या आधीच्या मुलानं सगळं बसवून दिलेलं होतं आणि मी आयत्या जागी बसले होते. या वेळी मी कुणाला न विचारता केलं. एका ठिकाणी सॉफ्टवेअरनं विचारलं, यंत्राचे आकडे पृथ्वीच्या कोणत्या मापानं घ्यायचे. आमचे सगळे नकाशे जुन्या मापातले, इंग्रजांच्या वेळचे, आणि उपग्रहाची चित्रंही त्यांच्यावरच बसवलेली. जीपीएस नवं माप वापरतं. दोन्हींत थोडा फरक पडतो, तो दुरुस्त करायला एक खूण करावी लागते. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. प्रश्न वाचला, कळला नाही, होतं तसं ठेवून पुढं गेले.

भाऊ त्या आठवड्यात सहा तलाव करून आले होते, त्यांच्या स्वतःच्या गावचा तलाव धरून. केबल लावली. ठिपके पडले. उपग्रहाच्या चित्रावर तलाव काळाभोर दिसतो आणि पाळ त्याच्या कडेला फिकट रेघेसारखी. ठिपके त्या रेघेवर पडायला पाहिजेत. ते पडले पाण्यात.

मी आधी हसले. मग दुसरा तलाव उघडला. तिथंही काही ठिपके पाण्यात, काही धानाच्या बांधीत, पाळीवर एकही नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर एका वेळी तलावाचा एक कोपरा मावायचा. सरकवत सरकवत मी बघत गेले आणि प्रत्येक कोपऱ्यात ठिपके चुकलेले. मी खुर्चीतूनच सरांना हाक मारली.

"सर, हे बघा. भाऊ पाण्यावरून चालून आले."

हे वाक्य माझं. सरांना ते आवडलं. टाइपरायटरवर टायपिंगला दोन मुली होत्या, त्याही हसल्या. भाऊ दारात चपला काढत होते.

सरांनी त्यांना आत बोलावलं, पडदा दाखवला. "हे काय आहे?"

भाऊंनी वाकून पाहिलं. आपला तलाव त्यांनी लगेच ओळखला. चेहरा उजळला होता, तो हळूहळू उतरला. "हे ठिपके मीनं घेतले?"

"तुझेच आहेत."

"पन हे त पाण्यात हाये."

"तेच विचारून राह्यलो. पाळीवर चालला होता की घरी खाटेवर बसून बटणं दाबली?"

"नाई जी. पाळीवरच चाललो. पुरी पाळ चाललो."

"मग मशीन खोटं बोलते काय?"

भाऊंनी पुन्हा पडद्याकडं पाहिलं, मला म्हणाले, "बाई, दुसरा दाखवा बरं." मी दुसरा दाखवला. मग तिसरा. ते बराच वेळ बघत राहिले. मग जे म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"बाई, सगळेच्या सगळे मावळतीकडंच काऊन गेले? चुकलो असतो त एक इकडं गेला असता, एक तिकडं."

चौथी शिकलेल्या माणसानं तिथल्या तिथं चूक पकडली होती. सगळे ठिपके एकाच दिशेला, सारख्याच अंतरावर सरकले होते. चालणाऱ्याच्या चुकीनं असं होऊच शकत नाही. माझ्याही मनात क्षणभर काहीतरी हललं होतं. तो प्रश्न कळला नव्हता, होता तसा ठेवला होता, तेही आठवलं. पण सर बाजूला उभे होते, मी नुकतंच कौतुक करून घेतलं होतं, आणि सॉफ्टवेअर मी स्वतः टाकलं होतं. मी म्हटलं, "मला नाही माहीत भाऊ. आकडे तुम्ही आणले."

सरांनी त्यांच्याकडून यंत्र मागून घेतलं. भाऊंनी दुपट्टा सोडून ते टेबलावर ठेवलं, अगदी हळू. वही ठेवली. उद्यापासून येऊ नको, सर म्हणाले. "मी पुन्ना चालून आणतो सर, सहाच्या सहाई तलाव," भाऊ म्हणाले. सरांनी ऐकलं नाही. वेळ गेला, नाव खराब झालं असतं, वगैरे. भाऊ मला "येतो बाई" म्हणून गेले. दुपट्टा खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला.

त्यानंतर वीसेक दिवसांनी एक अधिकारी काम बघायला येणार असं कळलं. सरांच्या डोक्यात आलं, की छोट्या लॅपटॉपवर काय दाखवायचं, तीन पडदे मांडू. एकावर उपग्रहाचं चित्र, एकावर नकाशा, लॅपटॉपवर आकडे. बँकेत कुठंतरी त्यांनी असं पाहिलं होतं. एक नवा चपटा मॉनिटर विकत आणला, दुसरा जळालेल्या कॉम्प्युटरचा, ढेरपोट्या, तो होताच. कपाटावरची डॉकची पेटी खाली उतरवली आणि मला म्हणाले, "जोड."

पेटीच्या मागं दोन मॉनिटरची दोन भोकं होती, पण दोन तऱ्हांची. एक निळं, नेहमीचं. दुसरं पांढरं, रुंद. आमच्या दोन्ही मॉनिटरच्या केबली निळ्याच. मधे लावायचा कन्व्हर्टर गडचिरोलीत कुणाला माहीत नव्हता. मी शनिवारी घरी जाताना चंद्रपूरला उतरले, चार दुकानं फिरले. शेवटी एका रिपेअरिंगवाल्यानं खोक्यात हात घालून शोधून दिला. "अवो, आपल्याकडं येवढे पडदे कोन जोडते?" म्हणाला. मी म्हटलं, आम्ही जोडतो. वडिलांना तो इवलासा पांढरा तुकडा घरी नेऊन दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "एवढ्यासाठी दोन पडदे अडले होते?"

सोमवारी जोडायला बसले. दोन्ही मॉनिटर लागले, पण दोघांवर एकच चित्र. लॅपटॉपवर जे, तेच चपट्यावर, तेच ढेरपोट्यावर. सेटिंगमध्ये शिरून शिरून दुपारपर्यंत कळलं, की पडदा पुढं वाढवायचा असा वेगळा पर्याय असतो. तो केला तर लॅपटॉप आणि एक मॉनिटर चालू, दुसरा बंद. तो चालू केला तर पहिला बंद. दोन दिवस मी केबली काढत होते, घालत होते. सर दर तासाला येऊन विचारत, झालं का. शेवटी चंद्रपूरच्या त्याच दुकानवाल्याला एसटीडीवरून फोन लावला. तो म्हणाला, "म्याडम, त्याच्यात दमच दोन पडद्याचा आहे. तिसरा मागाल त कुठून देईल? लॅपटॉपचं झाकण लावून टाका."

झाकण लावलं तर लॅपटॉप झोपला, दोन्ही पडदे काळे. पुन्हा उघडा, पुन्हा सेटिंग. झाकण लावलं तरी झोपू नको असं त्याला सांगावं लागलं. मग चाललं. माउस, ज्याला आम्ही उंदीर म्हणायचो, मात्र उलटा चालायचा. उजव्या मॉनिटरवर न्यायचा तर डावीकडं ओढावा लागे, कारण त्याच्या लेखी ढेरपोट्या डावीकडं होता आणि टेबलावर तो उजवीकडं. सेटिंगमध्ये त्याच्या नावाची एक चौकट होती, ती उचलून मी दुसऱ्या बाजूला ठेवली. बाण सरळ एका काचेतून दुसऱ्या काचेत गेला. इतका आनंद झाला, की मी टायपिंगच्या मुलींना बोलावून दोन-तीनदा तो बाण इकडून तिकडं नेऊन दाखवला.

आता दाखवायला काहीतरी उघडायचं. हाताशी भाऊंच्या गावचाच तलाव होता. चपट्या मॉनिटरवर उपग्रहाचं चित्र लावलं, अख्खा तलाव, न कापता. ढेरपोट्यावर नुसते ठिपके, मागं कोरी पांढरी जागा, कारण चित्र आणि ठिपके एकावर एक ठेवायची आता गरज नव्हती. ठिपके जोडले, रेघ उमटली.

रेघेला मधे एक बाक होता. मग सरळ. मग एक छोटा कोपर, आणि तिथून आत वळून संपत होती. डावीकडं पाहिलं. पाळीला मधे बाक. मग सरळ. मग छोटा कोपर. दोन्ही पडदे शेजारी शेजारी, एकच पाळ दोनदा. एकावर एक होत्या तोवर मला फक्त त्या जुळत नाहीत एवढंच दिसत होतं. शेजारी ठेवल्या तेव्हा त्या सारख्या दिसल्या.

मी वही काढली. ती माझ्याच टेबलाच्या खणात होती. तिसऱ्या पानावर पेन्सिलनं तोच बाक, तोच कोपर, कोपराशी मोहाचं झाड, आणि आतल्या वळणाला लिहिलेलं, "सलंग".

होता तसा ठेवलेला तो प्रश्न मी सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा शोधला, नीट वाचला, खूण केली. दोन मिनिटंही लागली नाहीत. ठिपके उचलले गेले आणि सहाच्या सहा तलावांच्या पाळींवर जाऊन बसले. एकही इकडं-तिकडं नाही. इतकं नेटकं काम त्या नागपूरच्या मुलांनीसुद्धा कधी केलं नव्हतं.

ऑफिसात त्या वेळी सर नव्हते. ते आल्यावर सांगायचं असं मी ठरवलं. ते आले, दोन पडदे पाहून खूष झाले, चहा मागवला, माझी पाठ थोपटली. मी म्हटलं, अधिकारी येऊन जाऊ दे, मग सांगू. अधिकारी आले, त्यांनी भाऊंच्या गावचा तलाव दोन्ही पडद्यांवर बघितला, विचारलं, "मोजणी कुणी केली?" सर म्हणाले, "आमची टीम आहे." मी शेजारी उभी होते, उंदरावर हात ठेवून.

दुसऱ्या आठवड्यात भाऊंची बायको ऑफिसात आली. मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं. दोन बस बदलून आली होती. म्हणाली, "त्याईचा दुपट्टा आन् वही राह्यली इथी. त्याईले याले लाज वाटते, म्हून मी आली."

मी दोन्ही काढून दिलं. ती जायला निघाली आणि दाराशी थांबली.

"बाई, तुमी कॉम्प्युटरवाल्या ना?"

"हो."

"ते रोज पाळीवर जाऊन राह्यले. पावलं मोजून राह्यले. लहान होते तवापासून त्याच तलावात हायेत. मले म्हनते, मशीन कायले खोटं बोलन, मीच कुठी तरी चुकलो. मानूस सोताच्या तलावात चुकन काय, बाई? तुमाले काय वाटते?"

टायपिंगच्या मुली ऐकत होत्या. आतल्या खोलीत सर फोनवर होते. मला फक्त "नाही, ते चुकले नाहीत" एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं, "होते कधी कधी असं. त्यांना म्हणा, मनाला लावून घेऊ नका."

तिनं मान हलवली आणि गेली. बस लागायला अजून अर्धा तास होता. मी धावत जाऊन तिला स्टँडवर गाठू शकले असते. मी ढेरपोट्या मॉनिटर पुसत बसले.

सरांना मी शेवटी सांगितलं, ते महिनाभरानं. एकटे असताना, दार लोटून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं, ते रागावले नाहीत. "आता नकाशे बरोबर आहेत ना?" म्हणाले. हो म्हटलं. "मग झालं तर. शिकताना चुका होतात. आता त्याला बोलावून काय सांगू, आमचं चुकलं म्हणून? उद्या सगळ्या गावात होईल." नवा माणूस तेव्हा लागलाच होता. मला सुटका झाल्यासारखं वाटलं. मी सांगितलं होतं, पुढचं त्यांच्यावर. हा हिशेब मी स्वतःशी बरेच महिने करत राहिले.

उन्हाळ्यात मात्र राहवेना. एका रविवारी बल्लारपूरला न जाता आरमोरीची बस पकडली, तिथून काळीपिवळी जीपमध्ये बसून त्यांच्या गावी गेले. फाट्यावर पानठेला होता, दोन-चार माणसं बसलेली. भाऊंचं घर विचारलं. एकानं विचारलं, "कोन, पाण्यावर चालनारे काय?" बाकीचे हसले.

माझं वाक्य माझ्याआधी तिथं पोचलं होतं. ऑफिसातून कुणी सांगितलं, की भाऊंनीच घरी सांगितलं आणि ते फुटलं, मला कधी कळलं नाही.

भाऊ अंगणात आंब्याखाली जाळं विणत बसले होते. मला पाहून गडबडून उठले, खाट टाकली, आत आवाज दिला, "वं, बाई आल्या." बायकोनं पाणी आणलं. माझ्याकडं तिनं नीट पाहिलं नाही. काळा चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. तलावात या साली पाणी कमी, मासे बारीक. मी कप खाली ठेवला.

"भाऊ, ते ठिपके बरोबर होते. सहाही तलावांचे."

त्यांनी जाळं पुन्हा हातात घेतलं होतं, ते विणायचे थांबले.

"माझ्याकडून कॉम्प्युटरमध्ये एक खूण करायची राहिली होती. तुमची काही चूक नव्हती. मशीनचीही नव्हती. माझी होती."

जाळ्याचा धागा त्यांच्या बोटात होता. तो त्यांनी सोडवून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "कवा समजलं?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. "दिवाळीनंतर," मी म्हटलं.

"म्हंजे आमची बायको वही आनाले आली होती, तवा तुमाले ठावूक होतं?"

"हो."

दारात उभी असलेली त्यांची बायको आत निघून गेली. भांड्यांचा आवाज आला. भाऊंनी तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांचा आवाज चढला नाही.

"मी चार महिने पाळीवर चालून पाह्यलं, बाई. पावलं मोजली. दर खेपेले तेवढीच भरली. तरी मले वाटे, मीच चुकलो असन. मशीन सरकारची, कॉम्प्युटर तुमचा, शिकलेले तुमी. मी कोन?" मग थोडं हसले. "मले माझाच तलाव परका वाटाले लागला होता."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडू नका जी. सांगाले आल्या, हे काय कमी हाये." आणि मग संकोचत म्हणाले, "एक काम करान काय?"

"सांगा ना भाऊ."

"तिथी पानठेल्यावर चार मानसं बसून असतात. जाता जाता तेवढं त्याईले सांगून द्या. मी सांगतलं त कोन मानन? तुमी कॉम्प्युटरवाल्या. तुमी सांगतलं त मानतीन."

मी घड्याळ पाहिलं. काळीपिवळी तीनला होती आणि ती चुकली तर आरमोरीहून पुढची बस मिळणार नव्हती. हे खरं होतं. पण त्याहून खरं हे, की त्या हसणाऱ्या माणसांपुढं उभं राहून "चूक माझी" म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. भाऊंपुढं म्हणणं सोपं होतं, ते चांगले होते.

"भाऊ, आज गाडी सुटेल. पुढच्या वेळी नक्की. मी सुट्टी काढूनच येते."

"हाव, हाव. सवडीनं या," ते म्हणाले. फाट्यापर्यंत सोडायला आले. पानठेल्यावर ती माणसं बसलेलीच होती. गाडी उभी होती, ड्रायव्हर माणसं भरायची वाट बघत होता, निघायला चांगली दहा-पंधरा मिनिटं होती. मी खिडकीशी जाऊन बसले. भाऊ बाहेर उभे राहिले. एकदा त्यांनी ठेल्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मी पिशवीत काहीतरी शोधत राहिले, गाडी हलेपर्यंत.

पुढच्या वेळी असं काही झालं नाही. पावसाळा लागला, रस्ते बंद झाले. मग सरांचा ठेका संपला, ऑफिस आवरलं. दोन्ही मॉनिटर आणि ती पेटी सर नागपूरला घेऊन गेले. माझं लग्न ठरलं, मी पुण्याकडं आले. नकाशांचंच काम करते अजून. माझ्या हाताखाली आता मुलं-मुली आहेत. कुणी फिल्डवरून चुकीचे आकडे आले म्हणालं, की मी आधी आपल्याच कॉम्प्युटरचं सेटिंग तपासायला लावते. त्यांना वाटतं बाई फार काटेकोर आहेत.

मधे आरमोरीकडचा एक मुलगा आमच्याकडं लागला होता. त्याला मी त्या गावाचं नाव सांगून विचारलं, ठाऊक आहे का. तो म्हणाला, ठाऊक आहे, आमच्या मामाचं गाव जवळच आहे, कुणाला भेटायचं आहे का? त्याला भाऊंबद्दल विचारावं, निदान त्याच्या मामाकडून त्या ठेल्यावर निरोप पाठवावा, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, नाही, सहज विचारलं.